पेडल स्टील गिटार: कुणी कुठली तार ओढली, आणि कशासाठी

सुटी_तार

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे टेक्सासमध्ये पेडल स्टील गिटार शिकतोय आणि या वाद्यावर मराठीत बोलायला कुणीच मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: चार पायांच्या टेबलासारखं वाद्य, वर आडव्या दहा तारा, खाली डाव्या पायाने दाबायची तीन पेडलं, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या धातूच्या पट्ट्या, त्या लिव्हर्स. डाव्या हातात स्टीलचा गोल बार, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर. म्हणजे अख्खं शरीर कामाला.

पेडल किंवा लिव्हर दाबली की ठरावीक तार ठरावीक सुरापर्यंत चढते किंवा उतरते. कुठल्या पेडलने कुठली तार कुठे जाणार हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्या तक्त्याला कोपेडंट म्हणतात. मोठमोठ्या वादकांचे तक्ते नेटवर सहज मिळतात, लोक ते जसेच्या तसे लावून घेतात, मीही घेतले होते. पण इतकी वर्षं घासल्यावर मला जे कळलंय ते असं की त्यातली एकेक लिव्हर कुणीतरी कानात घुमणाऱ्या एका सुरासाठी लावलेली आहे, आणि तो सूर तुमच्या कानात नसेल तर ती लिव्हर नुसती गुडघ्याला लागते.

आधी नॅशव्हिलचं, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताच्या माहेरघरचं, ई नाइन्थ ट्यूनिंग सांगतो, सरगममध्ये, कारण मला स्वतःला तसंच समजलं. ई म्हणजे सा धरा. वाजवणाऱ्यापासून सगळ्यात लांबची तार पहिली, तिथून जवळ येत येत दहावी: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. गंमत म्हणजे पहिल्या दोन तारा, रे आणि नी, जागेने सगळ्यात वर असल्या तरी सुराने तिसऱ्या ग च्या खाली आहेत.

आता पेडलं. ए पेडल दोन्ही प ना ध वर नेतं (पाचवी आणि दहावी तार). बी पेडल दोन्ही ग ना म वर नेतं (तिसरी आणि सहावी). दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, बार जागचा हलत नाही आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) बदलते. सी पेडल चौथ्या तारेचा सा रे वर नेतं आणि पाचवीचा प ध वर. गुडघ्याच्या दोन मुख्य लिव्हर्स: एक दोन्ही सा ना कोमल रे वर चढवते, दुसरी त्यांनाच शुद्ध नी वर उतरवते. बाकी ज्याची त्याची आवड.

हे आलं कुठून? पेडलं आधीपासून होती, अल्विनो रे, स्पीडी वेस्ट या जुन्या वादकांकडे होतीच, पण त्यांचा मुख्य उपयोग एका ट्यूनिंगवरून दुसऱ्यावर पटकन जायला. १९५४ साली गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' गाणं गाजलं त्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि ग चा म, प चा ध होताना ऐकणाऱ्याला चक्क ऐकू आलं. सूर सरकताना ऐकू येणं हेच लोकांना आवडलं. त्या गाण्यानंतर नॅशव्हिलमधला प्रत्येक स्टीलवाला पेडल बसवायच्या मागे लागला.

आयझॅक्सच्या एकाच पेडलने दोन्ही तारा हलायच्या. बडी एमन्स आणि जिमी डे या दोन स्टीलवादकांनी ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं, ग ला एक, प ला एक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे एकटा प चढवून सा-ग-ध हा मायनर मिळाला, एकटा ग चढवता आला, एक आधी एक नंतर असं करता आलं. आज जिला आपण पेडल स्टीलची ओळख म्हणतो ती बरीचशी त्या वाटणीत आहे.

फक्त दोघांनी पेडलं उलट्या क्रमाने लावली. एमन्सची डावीकडून ए-बी-सी, डेची सी-बी-ए. आजही अख्खं जग या दोन तटांत विभागलेलं आहे. माझी पहिली गिटार एका वयस्कर वादकाकडून जुनी घेतली, ती डे पद्धतीची होती आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मी एमन्स पद्धतीचे धडे समोर ठेवून डावं पेडल दाबायचो, प चढायचा तसा चढायचा पण सोबत चौथ्या तारेचा सा ही रे वर जायचा आणि कॉर्ड भलतीच यायची. तीन महिने मला वाटत होतं की कानच खराब आहेत. शेवटी एका रात्री गिटार उलटी करून टॉर्चने खालच्या सळया बघितल्या, कुठली कुठल्या तारेला जाते ते बोटाने मोजलं, तेव्हा उलगडा झाला. नवीन लोकांनो, विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

बाकी प्रतिसादांत बोलूच.

रंकाळाकाठ

फार छान लिहिलंय. मी कोल्हापूरचा, वय ६८, चाळीस वर्षं हवाईन गिटारवर सिनेसंगीत वाजवतो, ऑर्केस्ट्रात होतो. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकलो, गुरू वगैरे कुणी नाही. पुढे ब्रिजभूषण काब्रांचं वादन ऐकलं आणि या वाद्यावर राग उभा राहतो हे पहिल्यांदा कळलं. माझा प्रश्न सरळ आहे. बार हातात असताना ग वरून म वर जायला एक फ्रेट सरकवला की झालं, मींडही सुंदर येते. मग त्यासाठी पायाखाली एवढी यंत्रणा कशाला?

सुटी_तार

काका, नमस्कार. प्रश्न एकदम मुळाशी गेलात. एकाच तारेवर गाणं वाजवायचं असेल तर पेडलची गरज नाही, तुमची मींड आमच्या पेडलपेक्षा सरस. पण एक करून बघा. सा, ग, प तीन तारा एकदम छेडा आणि बार सरकवा. तिन्ही एकत्र सरकणार, कारण बार सरळ आहे. आता तेच असं मनात आणा की सा जागच्या जागी स्थिर, तंबोऱ्यासारखा, आणि त्याच्या शेजारून ग हळूच म वर चढतोय आणि दोन्ही एकमेकांना लागून वाजतायत. बारला हे जमत नाही. बार तिरका करून थोडंफार निघतं, पण दर वेळी नाही.

एक सूर हलतो आणि बाकीचे धरून ठेवतात, हीच या वाद्याची जादू. तीन माणसं गात असावीत आणि त्यातल्या एकानेच पुढचा सूर घ्यावा तसं.

भोसरी_लेथ

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)!! मला संगीतातलं फार कळत नाही पण यंत्रणेबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी व्हिडिओ बघून एक चित्र काढलंय, चुकत असेल तर सांगा. पेडल दाबलं की उभी सळई खाली ओढली जाते, ती गिटारच्या पेटीच्या आत आडव्या शाफ्टला फिरवते, त्या शाफ्टवर बेलक्रँक (छोटी तरफ), बेलक्रँकला लांब पुल रॉड, आणि तो रॉड उजव्या टोकाला चेंजरच्या, म्हणजे तार ताणणाऱ्या भागाच्या, फिंगरला ओढतो. तार त्या फिंगरच्या गोल डोक्यावरून गेलेली, त्यामुळे फिंगर किंचित फिरला की ताण वाढला, सूर चढला. सोडलं की स्प्रिंग परत आणते. बरोबर ना? आणि मग पेडलचा सूर नेमका कुठे थांबायचा हे कसं सेट करता?

सुटी_तार

अगदी बरोबर. प्रत्येक रॉडच्या टोकाला एक नायलॉनचा नट असतो, उजव्या बाजूच्या पट्टीतल्या भोकातून चावी घालून तो फिरवायचा. म्हणजे सुटे सूर डावीकडच्या खुंट्यांवर लावायचे आणि पेडल दाबलेले सूर उजवीकडच्या नटांवर. ई नाइन्थला ट्यूनिंग म्हणजे दहा खुंट्या अधिक डझनभर नट. कार्यक्रमाआधी मी अर्धा तास तरी देतो.

ही झाली आजची ऑल-पुल पद्धत. एमन्सने शॉट जॅक्सनबरोबर १९५७ मध्ये शो-बड ही गिटार कंपनी सुरू केली (शॉट अधिक बडी), मग १९६३ मध्ये बाहेर पडून एमन्स गिटार कंपनी काढली, तिची पुश-पुल यंत्रणा वेगळी होती. लावायला कटकटीची, पण तिच्या आवाजासाठी लोक आजही जुनी एमन्स शोधत फिरतात. मी एकदाच वाजवलीय, वीसेक मिनिटं. खालच्या दोन तारा छेडल्या आणि आवाज मांडीत जाणवला. तो विसरणं शक्य नाही.

अंत्यगांधार

मी ठाण्यात गाणं शिकवते, हे वाद्य आधी माहीत नव्हतं, पण सा-ग-प चं सा-म-ध वाचून इथे थांबले. माझा प्रश्न गांधाराचा. तुम्ही ग ट्यूनिंगच्या मशीनवर लावता का तंबोऱ्यावर ऐकू येतो तो? कारण दोन्हींत चांगला चौदा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक आहे. हार्मोनियमचा ग चढा असतो हे मी विद्यार्थ्यांना रोज ऐकवते. आणि तुमच्याकडे तर एकाच तारेला अनेक नाती सांभाळायची आहेत.

सुटी_तार

ताई, तुम्ही अगदी आमच्या रोजच्या भांडणावर बोट ठेवलंत. स्टीलवाल्यांचे यात सरळ दोन गट आहेत. बरेच जण ग खालीच लावतात, दोन सूर न जुळल्याने येणारे ठोके बंद होईपर्यंत. जेफ न्यूमन म्हणून नामांकित शिक्षक होते, त्यांचे ट्यूनिंग चार्ट अजून प्रत्येकाच्या केसमध्ये चिकटवलेले असतात, त्यातही ग मशीनच्या काट्याखाली. दुसरा गट म्हणतो बँडमध्ये पियानो असेल तर मशीनच्या जवळ राहा.

आता मजा बघा. ए पेडलचा ध हा म चा गांधार, म्हणून तो पण खाली लागतो, मशीनपेक्षा सोळाएक सेंट. आणि सा ला कोमल रे वर नेणारी लिव्हर ए पेडलबरोबर दाबली की ध ची मेजर कॉर्ड होते, त्यात तो कोमल रे त्या आधीच उतरलेल्या ध चा गांधार, म्हणजे आणखी चौदा खाली. एकूण तीसेक सेंट! म्हणून ए आणि ती लिव्हर दाबून वाजवताना बार फ्रेटच्या रेषेवर ठेवायचा नाही, किंचित पुढे ठेवायचा. हे मला कुणीतरी सांगेपर्यंत माझी ती कॉर्ड वर्षभर बेसूर होती.

अंत्यगांधार

मग रे चं काय? प ला पंचमाने जुळणारा रे आणि ध ला जुळणारा रे एक नाहीतच, मध्ये एका प्रमाणश्रुतीचा फरक, बावीस सेंट. तुमच्याकडे सुट्या तारेवर रे आहे म्हणजे हा पेच असणारच.

सुटी_तार

आहेच, आणि काय अचूक सांगितलंत. पहिली आणि सातवी तार रे. सुट्या प बरोबर वाजवली तर वरचा रे हवा, पण दोन पेडलं दाबून म-ध बरोबर वाजवली तर खालचा. काही जण त्यासाठी ए पेडलला एक जादाचा रॉड जोडतात जो रे ला केसभर उतरवतो. त्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात. तक्त्यात तो कुठे दिसत नाही. म्हणजे नुसत्या गाण्याच्या सुरांसाठी लिव्हर नाही, तर शुद्धतेसाठी सुद्धा रॉड.

शिवाय गिटारची पेटी लाकडाची, पेडल दाबलं की ताण वाढतो आणि पेटी किंचित वाकते, मग न ओढलेल्या तारा काही सेंट उतरतात. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. तुम्ही सा पक्का लावा, ए-बी दाबा आणि सा हललेला ऐका. कान तयार असेल तर चैन पडत नाही.

जर्सीतला_पुणेकर

मस्त धागा. पण एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन. तो सूर कानात नसेल तर लिव्हर नुसती गुडघ्याला लागते, म्हणजे "लिव्हर कमी लावा", हा सूर मला पटत नाही. पॉल फ्रँकलिन बघा. नॅशव्हिलमध्ये आज ज्यांच्याकडे सगळे बघतात असे वादक, डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या १९९१ च्या अल्बममध्ये पण त्यांचं स्टील आहे. त्यांचं जे जादाचं पेडल आहे ते दोन्ही प ना म वर उतरवतं आणि सहाव्या तारेचा ग रे वर. आता विचार करा, बाकी सगळे सूर चढवत होते आणि या माणसाने खाली उतरायचं पेडल लावलं. पोकळ, रुंद, जुन्या फिडलसारखा (व्हायोलिनसारखा) आवाज निघतो. ते पेडल नसतं तर ते सुचलंच नसतं. यंत्रणा कल्पनेला वाट देते, त्यामुळे जास्त असली तर बिघडलं कुठे? माझ्याकडे चार पेडल पाच लिव्हर आहेत आणि मी समाधानी आहे.

सुटी_तार

पुणेकर, फ्रँकलिन पेडलबद्दल शंभर टक्के. पण क्रम बघा, त्यांना तो खालचा सूर ऐकू येत होता आणि वडील स्वतः गिटार बनवणारे, सीनियर फ्रँकलिन, तेव्हा घरातच बनवून मिळालं. आधी सूर, मग सळई. मी पण ते पेडल बसवून घेतलंय, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं ते माझ्याकडे होतं आणि मी त्यावर एकच लिक (छोटी सुरावट) वाजवायचो, व्हिडिओत बघितलेली. मग एका जुन्या रेकॉर्डमध्ये सुट्या तारेवरून प-म असा फिडलचा उतार ऐकला, दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे गेला. त्या दिवसापासून ते माझं पेडल.

आणि कमी लिव्हरवर काय होतं हे ऐकायचं असेल तर लॉइड ग्रीन. अलाबामातल्या मोबाइलचे. वॉर्नर मॅकचं १९६५ चं 'द ब्रिज वॉश्ड आउट' ऐका, सुरुवातीपासून स्टील उडतंय. बर्ड्स या बँडच्या १९६८ च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' अल्बममध्ये जेडी मॅनेसबरोबर तेच आहेत. त्या काळात गुडघ्याच्या लिव्हर्स आजच्या मानाने फारच कमी असायच्या. पुढे तर त्यांनी दोन गळ्यांच्या (गळा म्हणजे तारांचा एक संच, दोन्हींचं ट्यूनिंग वेगळं) गिटारवरचा सी सिक्स्थ ट्यूनिंगचा गळाच काढून टाकला आणि तिथे हात टेकायला गादी बसवली, त्यावरूनच शो-बडने एलडीजी हे मॉडेल काढलं. नको असलेलं काढून टाकायला पण तेवढाच कान लागतो ना. त्यांचं वाजवणं ऐकताना मला सगळ्यात जास्त काय दिसतं तर पेडल सोडणं. लोक दाबण्यावर मेहनत घेतात, ग्रीन सोडतानाचा सूर पण गातात.

भोसरी_लेथ

पहिल्या दोन तारा खालच्या सुरात असूनही वर का ठेवल्या हे राहिलं सांगायचं.

सुटी_तार

हो, राहिलंच. ते एमन्सचं काम, १९६२ च्या आसपास. तोवर स्टीलवर कॉर्ड मिळायची पण सलग सरगम वाजवायची तर बार सारखा पळवावा लागायचा, कारण वरच्या सप्तकात सा आणि ग च्या मध्ये रे ची तार नाही, सा च्या खाली नी नाही. एमन्सने त्या दोन तारा जोडल्या. पण मध्ये कोंबल्या तर बोटांना सवय झालेल्या सगळ्या पकडी बिघडल्या असत्या, म्हणून वर बाहेर ठेवल्या. आता तिसऱ्या फ्रेटवर बार ठेवून न हलवता नी-सा-रे-ग सलग निघतं: दुसरी, चौथी, पहिली, तिसरी. बोटांनी उड्या मारायच्या, कानाला मात्र सरळ ओळ. मी ही ओळ रोज सकाळी पंधरा मिनिटं वाजवतो, चहा गार होतो.

हा माणूस १९५५ मध्ये अठराव्या वर्षी लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये नॅशव्हिलला आला, १९६३ मध्ये 'स्टील गिटार जॅझ' नावाचा अल्बम केला, २०१५ मध्ये गेला. 'बिग ई' म्हणायचे त्याला. तो गेला त्या दिवशी मी हे वाद्य सुरूही केलं नव्हतं, याचं आज वाईट वाटतं.

रंकाळाकाठ

त्या सी सिक्स्थबद्दल लिहा जरा. आमच्या हवाईन गिटारला पण असंच काहीसं ट्यूनिंग लावणारे लोक होते.

जर्सीतला_पुणेकर

काका, ते मी लिहितो, माझा आवडता गळा. सी सिक्स्थ विनापेडलच्या स्टीलवर लोकप्रिय करण्याचं श्रेय जेरी बर्डना देतात, आणि त्यांनी पेडलं कधी स्वीकारलीच नाहीत, पुढे हवाईलाच जाऊन राहिले. पेडलवाल्या सी सिक्स्थचं, सी म्हणजे सा धरून, वरून खाली: प, ग, सा, ध, प, ग, सा, ध, म, सा. सगळ्यात खालचे म आणि सा घनगंभीर. यात मेजर-मायनर दोन्ही एकत्र दडलेले असल्याने स्विंग आणि जॅझला हाच गळा. दोन गळ्यांच्या गिटारवर पेडलं जास्त असतात, त्यातलं सातवं पेडल तिसरीचा सा रे वर आणि चौथीचा ध नी वर नेतं. आठव्याला लोक 'बू-वा' म्हणतात, आवाजावरूनच नाव पडलंय: सातवीचा सा कोमल रे वर, नववीचा म ग वर, दहावीचा सा थेट खालच्या ध वर. दाबा आणि चार खालच्या तारा एकदम छेडा, मोठं जनावर कूस बदलतंय असं वाटतं.

कर्ली चॉकर ऐका, पाच-पाच सुरांच्या कॉर्ड अशा फिरवतात की ऑर्गन वाटावा. आणि मॉरिस अँडरसन, जेफ न्यूमन यांच्यासारख्यांनी दोन गळ्यांऐवजी बारा तारांचा एकच गळा केला, युनिव्हर्सल म्हणतात, एक लिव्हर दाबून धरली की सा नी वर उतरतो आणि अख्खं ई नाइन्थ बी सिक्स्थ होऊन जातं.

सुटी_तार

पश्चिमेकडचे राहिले. कॅलिफोर्नियात नॅशव्हिलचा तक्ता कुणी देव मानला नाही. राल्फ मूनी आणि टॉम ब्रम्ली, दोघंही फेंडरच्या गिटारवर, जिच्यात सळयांऐवजी केबल होत्या आणि एकेका गळ्याला आठच तारा. ब्रम्लीचा बक ओवेन्सच्या १९६४ च्या 'टुगेदर अगेन' मधला तुकडा ऐका. पुष्कळ लोक तिथे रडले आहेत, मी त्यातला एक. नवीन काहीच नाही हो त्यात, हळूहळू सूर सरकतात, आणि प्रत्येक सूर पोचायच्या आधी थोडा वेळ अधांतरी राहतो.

आणि स्नीकी पीट क्लाइनो! फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडचे. आठ तारांची फेंडर ४००, ट्यूनिंग बी सिक्स्थ, म्हणजे कंट्री वाजवणारे सगळे ई नाइन्थवर असताना हे वेगळ्याच घरात. वर फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून. दिवसा स्टॉप-मोशन ॲनिमेशनचं काम करायचे. त्यांचा तक्ता उचलून कुणी त्यांच्यासारखं वाजवल्याचं मी ऐकलेलं नाही.

जेरी गार्सियाने १९७० मध्ये आलेल्या 'टीच युअर चिल्ड्रन' या गाण्याला जे वाजवलं ते तांत्रिकदृष्ट्या साधं, ए-बी पेडलंच, पण जगात सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलेलं स्टील बहुधा तेच असेल. त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' मध्ये पीट ड्रेक.

जर्सीतला_पुणेकर

चर्चमधल्या स्टीलचा उल्लेख व्हायलाच हवा. हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी स्टील वाजवतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. चक कॅम्पबेल यांनी तिथे पेडल स्टील रुजवलं. आमच्या जर्सीचेच रॉबर्ट रँडॉल्फ तेरा तारांची गिटार वाजवतात. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. तिथे नॅशव्हिलची कॉर्ड बदलायची नजाकत नाही, तिथे एक तार माणसासारखी ओरडते, विनवते, आणि सगळं सभागृह उभं राहतं. तार एकच आणि हलवायचं बरंचसं बारने. काका, तुमच्या मींडीच्या सगळ्यात जवळचे हेच लोक.

नवखा_नाशिक

मी पूर्ण नवीन, साधी गिटार वाजवतो. हे सगळं वाचून डोकं गरगरलं पण घ्यायचंच आहे. काय मागवू? किती पेडल, किती लिव्हर? आणि तारा तुटतात का लवकर?

सुटी_तार

एक गळा, दहा तारा, तीन पेडल, चार लिव्हर, ई नाइन्थ. यापेक्षा कमी घेऊ नकोस कारण सा चढवणारी आणि उतरवणारी या दोन लिव्हर्स हव्यातच, आणि जास्त घेऊ नकोस. एमन्स की डे ते विचार, कुठलंही चालेल पण धडे त्याच पद्धतीचे घे. घेतल्यावर पहिले दोन महिने फक्त ए आणि बी. डावा पाय दोन्हींवर आडवा, घोटा डावीकडे-उजवीकडे झुकवून कधी एक कधी दोन्ही. जी ची कॉर्ड तीन ठिकाणी शोध: तिसऱ्या फ्रेटवर काही न दाबता, सहाव्यावर ए आणि सा चढवणारी लिव्हर, दहाव्यावर ए आणि बी. या तीन जागा डोळे मिटून सापडल्या की अर्धी लढाई झाली.

तार तुटते ती तिसरी. अकरा नंबरची, केसासारखी, आणि बी पेडल तिला प्रत्येक वेळी आणखी ताणतं. मागच्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याच्या मुखड्यात बी दाबलं आणि टणकन गेली, गालाला लागली. समोर अडीचशे माणसं, गाणारी मुलगी चौदा वर्षांची, तिने माझ्याकडे बघितलं. थांबलो असतो तर ती पण थांबली असती. बी पेडल सहाव्या तारेचा ग पण चढवतं, एक सप्तक खाली, म्हणून सगळं गाणं खालच्या सप्तकात सहाव्यावर वाजवलं. नंतर तिची आई म्हणाली आज स्टीलचा आवाज काय भरदार लागला होता. तेव्हापासून मी बरीच भावगीतं तिथेच वाजवतो, वर जातच नाही. तिसऱ्या तारेची पाच पाकिटं मात्र कायम केसमध्ये ठेव.

अंत्यगांधार

हा प्रसंग वाचून फार बरं वाटलं. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

रंकाळाकाठ

दोन दिवस गप्प होतो कारण प्रयोग करत होतो. तुमच्यासारखं पेडल माझ्याकडे नाही, पण वर तुम्ही लिहिलंत ना, सा स्थिर आणि ग एकटाच म वर, ते काही केल्या डोक्यातून जाईना. गिटार सा-ग-प लावली, बार पाचव्या फ्रेटवर ठेवला, आणि बारच्या मागे, खुंट्यांच्या बाजूला, डाव्या हाताच्या अनामिकेने ग ची तार आडवी ओढली. पहिल्या दिवशी बारच सरकला. काल संध्याकाळी पहिल्यांदा म पर्यंत पोचली. सा वाजत होता, प वाजत होता आणि मधला एकटा वर गेला. चाळीस वर्षांत माझ्या गिटारमधून हा आवाज मी ऐकला नव्हता. घरात बायको स्वयंपाकघरातून विचारत आली की दुसरं कोण वाजवतंय.

म जरा चढा जातोय आणि बोटाला वळ आलाय. माझी ती तार चौदा नंबरची आहे, जाड पडते. मुंबईहून अकराची मागवली आहे. आली की परत लिहितो.